नदीकाठच्या श्रमदानासाठी ५२ सीसीचा ऑगर: घ्यावा की भाड्याने आणावा?

वृक्षलागवडीच्या श्रमदानात आता पेट्रोलवर चालणारा, खड्डे पाडायचा ऑगर सर्रास दिसतो. बाजारात सहज मिळतो तो ५२ सीसीचा, ८ इंची पात्याचा. यंत्र कामाचं आहे, पण दुकानदार सांगतो तेवढं नाही. मराठवाड्याच्या मातीत तर ते कधी आणि कुठे लावलं यावरच सगळं ठरतं.

वाफसा असेल, म्हणजे जमीन ना फार ओली ना फार सुकी असेल, तर काळ्या मातीत एक भोक मिनिट-दोन मिनिटांत पडतं. वाफसा नसेल तर वेळ वाया जातो. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीवर पातं नुसतं नाचतं. भर पावसात चिकणमाती पात्याला लाडवासारखी चिकटते, शिवाय भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. अशा भोकात पाणी साचतं, मुळं भिंत फोडून बाहेर जात नाहीत, आतल्या आत गोल फिरतात. वरून रोप दोन पावसाळे हिरवं दिसतं आणि तिसऱ्या उन्हाळ्यात वाळतं. दोष मात्र रोपवाटिकेला लागतो.

मापाचा हिशोबही बघा. ४५ सेंमी लांब-रुंद-खोल चौकोनी खड्ड्यात ९१ लिटर भुसभुशीत माती बसते. ऑगरच्या २० सेंमी रुंद, ६० सेंमी खोल भोकात जेमतेम १९ लिटर. म्हणजे पाचवा हिस्सा. यावर उपाय आहे: ४५ सेंमीच्या चौकोनात चार कोपऱ्यांना चार भोकं पाडायची, मधली माती टिकावाने पाडायची आणि भिंती पहारीने खरवडायच्या. यंत्राचा खरा फायदा इथेच आहे, कारण निम्म्याहून जास्त माती तेच काढून देतं. एका भोकात थेट रोप लावणं म्हणजे फोटोपुरती लागवड.

मांजरा नदीकाठच्या खोल काळ्या मातीत ऑगर सुखाने चालतो. बीडच्या बिंदुसरा नदीच्या दगडगोट्यांत मात्र पातं अडकलं की दांडा हातातून हिसका मारतो. संभाजीनगरची खाम किंवा जालन्याची कुंडलिका, या नद्यांच्या शहरातल्या काठावर राडारोडा आणि चिंध्या असतात. त्या पात्याला गुंडाळतात, म्हणून आधी पहारीने चाचपून घ्यावं. वेडी बाभूळ काढलेल्या जागी बुंधा जमिनीखालून खणून काढल्याशिवाय ऑगर लावू नये. मुळांत तो अडकतो आणि राहिलेल्या बुंध्याला पुन्हा फुटवे येतात. उताराच्या धारेवर वाळा (खस गवत) लावायचा असेल, १० ते १५ सेंमी अंतराने, तर कुदळच बरी. अर्जुन, करंज, उंबर यांच्यासाठी वरच्या काठावर ऑगर ठीक.

चालवताना दर सहा इंचाला पातं वर घेऊन माती झटकायची. एका दमात खाली दाबलं तर ते स्क्रूसारखं रुततं. मग इंजिन बंद करून हाताने उलटं फिरवण्याशिवाय पर्याय नाही. पातं आणि दांडा जोडणारी पिन तुटते. ती तुटण्यासाठीच असते, म्हणून चार जास्तीच्या ठेवा. तिच्या जागी कडक बोल्ट घालणाऱ्याला पुढे गिअरचे दात बदलावे लागतात. रुमाल, ओढणी, सैल बाह्या अजिबात नकोत. मुलांनी माती ओढावी, यंत्राला हात लावू नये.

इंधनाचं प्रमाण पुस्तिकेत पाहावं. बहुतेक यंत्रांना १ लिटर पेट्रोलला ४० मिली टू-टी ऑइल लागतं. नुसत्या पेट्रोलवर पिस्टन जाम होतो. पण मंडळांची यंत्रं बहुधा चालवून बिघडत नाहीत, पडून बिघडतात. जुलैत लागवड झाली की टाकीत पेट्रोल तसंच राहतं, इथेनॉलमुळे ओल धरतं, कार्ब्युरेटर चिकटतो आणि पुढच्या मृगाला दोरी ओढून ओढून हात दुखतात. काम संपलं की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं.

वर्षातून आठ दिवसच लागवड असेल तर भाड्याने आणलेलं परवडतं. विकत घ्यायचंच असेल तर ओढायची दोरी, कार्ब्युरेटरचा पडदा आणि पिन तालुक्याच्या गावी मिळतात का, हे आधी विचारा, किंमत मग.