सात महिने, चार पारायणं: ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची विस्तारित आवृत्ती

संच घेतला गणपतीत, आता पाडवा आला. मधल्या सात महिन्यांत चार पारायणं झाली. पहिलं एका शनिवार-रविवारी अधाशासारखं उरकलं. बाकीची रोज रात्री जेवणानंतर पाऊण-एक तास, पोथी लावल्यासारखी. आई जाता-येता विचारायची, “पोचले का रे तुझे ते अनवाणी?” ते म्हणजे सगळ्यांची मती फिरवणारी अंगठी नष्ट करायला निघालेले बुटके हॉबिट.

आधी हिशेब. थिएटरात लागलेले तिन्ही भाग मिळून ९ तास १८ मिनिटांचे. विस्तारित आवृत्तीत साधारण दोन तासांची भर आहे, म्हणजे चाहत्यांच्या नावांची ती लांबलचक यादी सोडून ११ तास २० मिनिटांच्या आसपास. फोर-के, म्हणजे अतिस्पष्ट चित्राच्या संचात प्रत्येक भाग दोन डिस्कवर आहे. पहिल्या भागात रिव्हेंडेलला एलरॉन्डच्या दरबारात नऊजण निघायचं ठरलं की उठून डिस्क बदलायची. हा त्रास नाही, हे मध्यंतर आहे. चहा टाकायचा.

मी मुळात पुस्तकवाला, म्हणजे टॉल्किन यांच्या मूळ कादंबरीचा वाचक. टॉम बॉम्बाडिल हे पात्र गाळलं, शेवटी हॉबिटांच्या शायरमध्ये होणारी झटापट गाळली, हे मी केव्हाच पचवलं. पचला नव्हता तो गोंडोर राज्याचा सेनानी फारामिर. पुस्तकात हा माणूस सांगतो की अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. आणि दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या दुसऱ्या भागात तोच अंगठी वाहणाऱ्या फ्रोडोला बांधून ऑसगिलिआथ शहरापर्यंत फरफटत नेतो! या एका गोष्टीवरून मी कितीतरी मित्रांशी तावातावाने भांडलोय. पटकथाकारांचं म्हणणं असं होतं, की ज्या अंगठीने सगळ्यांची मती फिरते तिच्याकडे एकाने सहज पाठ फिरवली तर तिची भीतीच उरणार नाही. शिवाय शेलॉब कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या भागात ढकलल्यामुळे फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम यांच्या वाट्याला दुसऱ्या भागात दुसरं काही मोठं संकट हवं होतं. मला ही पळवाट वाटायची.

विस्तारित आवृत्तीत एक आठवण येते. ऑसगिलिआथ परत जिंकलंय, बोरोमिर आणि फारामिर हे भाऊ हसतायत, पिंप फुटलंय. तेवढ्यात बाप येतो. थोरल्याला मिठी, धाकट्याला टोमणा. मग थोरल्याला बाजूला घेऊन सांगतो, रिव्हेंडेलला जा आणि ती वस्तू माझ्यासाठी आण. बोरोमिरला जायचं नसतं. पाच-सहा मिनिटांचा मामला, पण त्यानंतर फारामिर अंगठी का न्यायला निघाला हे विचारावं लागत नाही. त्याला ताकद नको आहे, बापाने एकदा बरं म्हणावं एवढंच हवं आहे. पुस्तकातला फारामिर हा नव्हे, हे मी आजही म्हणतो. पण तिसऱ्या पारायणात आई त्या प्रसंगाला सोफ्यावर टेकली आणि म्हणाली, “असा एक बाप आपल्याही नात्यात होता.” कोण ते तिने सांगितलं नाही. माझं भांडण त्या रात्री मिटलं.

सगळीच भर अशी नाही. मृतांच्या वाटेवर कवट्यांचा लोंढा कोसळतो, तो पहिल्यांदाही हास्यास्पद होता आणि चौथ्यांदाही. नाझगुल या काळ्या स्वारांचा म्होरक्या गँडाल्फ जादूगाराची काठी मोडतो ते तर नकोच होतं. वाटाघाटीला आलेल्या दूताचं मुंडकं अ‍ॅरागॉर्न उडवतो, हे कुठल्या राजाला शोभतं? याउलट सारुमान या दुष्ट जादूगाराचा शेवट थिएटरात कापला होता याचं नवल वाटतं. त्याची भूमिका करणारा क्रिस्टोफर ली हा या चमूतला टॉल्किनना प्रत्यक्ष भेटलेला एकमेव माणूस. त्यालाच तिसऱ्या भागातून गाळलं आणि तो दुखावला, यात चूक काय?

वीसेक वर्षांत जुनं काय झालं? अंगठीने पछाडलेला गॉलम अजिबात नाही. त्याला साकारणाऱ्या अँडी सर्किसच्या डोळ्यांतली लाचारी अजून अंगावर येते. मृतांची हिरवी फौज मात्र साबणाच्या फेसासारखी दिसते, आणि फोर-केमध्ये काही ठिकाणी चेहरे जास्तच गुळगुळीत केलेत. दुसऱ्या भागातली हेल्म्स डीप किल्ल्याची लढाई हेडफोन लावून ऐका. उरुक-हाइ या राक्षसी सैनिकांच्या त्या गर्जनेत वेलिंग्टनच्या मैदानावर न्यूझीलंड-इंग्लंड एकदिवसीय सामन्याला आलेल्या प्रेक्षकांचा आवाज आहे. जॅक्सनने स्वतः मैदानात उतरून त्यांच्याकडून ओरडून घेतलं होतं. हे कळल्यापासून मला तिथे दर वेळी विकेट पडल्यासारखं वाटतं.

नवख्या माणसाने मात्र हा संच आधी लावू नये. थिएटरची आवृत्ती पाहा, जीव जडला तर इकडे या. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल नको तितकी सफाईदार करणारी सोय) बंद करा, नाहीतर गोंडोरच्या दरबारात दुपारची मालिका चालू आहे असं वाटतं. आणि तिसऱ्या भागात हॉबिट पिप्पिन गायला लागतो, तिकडे फारामिर मरणाच्या दिशेने घोडा हाकतो आणि इकडे बाप टोमॅटो चावतो, त्या प्रसंगाआधी आपलं जेवण उरकून घ्या.