जर्मनीचं सेमिस्टर तिकीट: परभणीकराचा रिव्ह्यू, सेमिस्टर संपल्यावर

सेमिस्टर संपलं, परभणीत परत आलो, आणि भेटेल तो एकच विचारतोय की जर्मनी कशी होती. (त्याच्या आधी "जगात जर्मनी भारतात परभणी" हे म्हणून घेतातच, आता मला कुठं हसायचं ते पण पाठ झालंय.) आख्ख्या जर्मनीचा रिव्ह्यू काय माझ्याच्यानं होणार नाही, मी डॉर्टमुंडला एक विंटर सेमिस्टर काढलं फक्त. पण तिथल्या एका गोष्टीबद्दल ठासून बोलू शकतो, ती म्हणजे डॉइचलांड सेमिस्टर तिकीट.

आपल्या एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास माहितीये ना, चार दिवसाचा नाहीतर सात दिवसाचा? तसंच, पण सहा महिन्यांचं आणि देशभर चालणारं. साध्या लोकांसाठी हे तिकीट मे 2023 ला महिन्याला 49 युरोत सुरू झालं, 2025 मधे 58 झालं, जानेवारी 2026 पासून 63. स्टुडंटला त्याच्या 60 टक्के, म्हणजे आमच्या सेमिस्टरला 58 धरून महिन्याला 34.80, सहा महिन्याचे 208.80 युरो. आमच्याकडं हे सेमिस्टर फीमधेच धरलेलं होतं, मग तुम्ही फिरा नाहीतर खोलीत झोपा.

चालतं कशात? आरई आणि आरबी म्हणजे त्यांच्या रिजनल गाड्या, एस-बान म्हणजे लोकल, मेट्रो, ट्राम, सिटी बस. आमच्या कॅम्पसवर तर एच-बान आहे, 1984 पासून चालते, ड्रायव्हर नाही आणि गाडी वरच्या रुळाला लटकलेली. जवळच वुपरटालमधे तिची आजी आहे, श्वेबेबान, 1901 पासून नदीच्या वरून लटकत जाते, तिच्यात पण हेच तिकीट. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा शेवटच्या स्टेशनवर उतरून तसाच परत उलटा आलो, काही काम नव्हतं.

आता मुद्दा हाच आहे. ब्लॉक अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवावे लागतात ते खातं) महिन्याला 992 युरो हातात येतात, त्यातून भाडं, इन्शुरन्स, किराणा, आणि डोक्यात कायम शंभरनी गुणाकार चालू असतो, कॉफी घ्यायची म्हटलं तरी पहिले रुपये आठवतात आणि मग तहानच जाते. प्रवास ही एकच गोष्ट होती जिथं हा गुणाकार बंद. खिशात तिकीट आहे, कोलोनला जाऊन नुसतं कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर बसून डबा खाऊन आलो तरी एक पैसा एक्स्ट्रा नाही. आई फोनवर म्हणायची "कुठं फिरायलास रे येवढं, पैशे उडवू नको", तिला शेवटपर्यंत पटलं नाही की ह्याचे पैसे भरून झालेत.

तोटे सांगतो. आयसीई, आयसी ह्या फास्ट गाड्यांत चालत नाही, म्युनिकला जायचं तर दिवस जातो आणि गाड्या बदलून बदलून जीव जातो. सायकलचं वेगळं तिकीट. रुळाचं काम निघालं की गाडीच्या जागी बस देतात, ती कुठं उभी राहते हे शोधण्यात अर्धा तास. आणि जर्मन गाड्या घड्याळावर चालतात हे ज्यानं सांगितलं तो एकदा भेटायला पाहिजे. दहा मिनिट लेट झाली की पुढची कनेक्शन हुकते, मग थंडीत प्लॅटफॉर्मवर उभं राहा. माझ्या सोबतचे युरोपियन पोरं लई चिडायचे. आपण मनमाड लाईनवर क्रॉसिंगला गाडी उभी राहिलेली बघत मोठे झालेलो, आपल्याला काय.

खरी मजा शेवटी आली. लेक्चर फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतात, परीक्षा झाल्या की एक्सचेंजवाले एकेक करून निघायला लागतात, पण तिकीट 31 मार्चपर्यंत चालू. मग काय, निरोप हॉस्टेलच्या दारात द्यायची गरजच राहिली नाही, डॉर्टमुंडहून आरई 6 थेट ड्युसेलडॉर्फ एअरपोर्टला पण जाते आणि कोलोन-बॉन एअरपोर्टला पण, आम्ही बॅगा धरून सगळेच सोबत जायचो, चेक-इन होईपर्यंत टवाळक्या करायच्या आणि येताना एक माणूस कमी. सुरुवातीला ग्रुप मोठा होता, मार्चमधे मी आणि एक तुर्की पोरगा उरलो, आणि त्याला सोडून आलो त्या दिवशी किचनमधे माझं एकट्याचंच भांडं होतं. शिक्षणाबद्दल विचाराल तर क्रेडिट मिळाले, ठीक आहे, पण ही माणसं मला ह्या गाड्यांतच मिळाली, क्लासमधे कोणी बोलत नाही.

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा त्या बसच्या शोधाशोधीचा कापला.

पुढच्या बॅचच्या पोरांनो, फ्लाइट फ्रांकफुर्टहून असेल तर आयसीईचं तिकीट काढायची घाई करू नका. आधी कोलोन, तिथून आरई 5 नं कोब्लेंझ, तिथून आरई 2, ती मेन्झवरून सरळ एअरपोर्टखालच्या रिजनल स्टेशनला जाते. आयसीईच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागेल, वर हातात तीन-चार तास जास्तीचे ठेवा, दोन मोठ्या बॅगा असतील तर पायऱ्या चढताना शिव्या पण द्याल मला. पण कोब्लेंझनंतर डावीकडची खिडकी पकडा, ऱ्हाईन नदी त्याच बाजूला आहे, किल्ले पण बरेच त्याच बाजूला दिसतात.