थारचा छोटा लिव्हर

महिंद्राच्या नाशिक कारखान्यात तयार होणाऱ्या थारमध्ये मला सर्वाधिक आवडलेला भाग म्हणजे गिअरशेजारचा ट्रान्स्फर केसचा (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटून देणाऱ्या पेटीचा) छोटा लिव्हर. ‘२एच’मध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते, ‘४एच’ टाकताच ती पुढच्या अ‍ॅक्सलकडेही जाते, आणि ‘४एल’मध्ये वेग सुमारे अडीचपट घटून चाकांवरचा जोर जवळपास तेवढ्याच पटीत वाढतो. पावसाळ्यात लाल चिखलाच्या चढावर गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये घेऊन ‘४एल’ टाकले, तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम दाबूनही चाके एकेक दगड शांतपणे चढून गेली. मात्र सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसल्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर ‘४एच’ कटाक्षाने टाळावे, कारण वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात व तो सगळा ताण ट्रान्स्फर केसवर येतो.