ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक : एक उन्हाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

माझी रायफल १६ इंची बॅरलची एआर-१५ आहे. तिचा उपयोग ओहायोतील स्थानिक स्पर्धांमध्ये, घड्याळाशी शर्यत लावून कागदी आणि पोलादी लक्ष्यांवर नेम धरण्यापुरताच आहे. ५.५६ मिमी काडतुसाचा धक्का मुळातच बेताचा असल्याने खांदा दुखण्याची तक्रार नव्हती. तक्रार होती ती नेम धरण्याच्या साइटमधील लाल ठिपक्याची, कारण प्रत्येक गोळीनंतर तो वर उसळे, परतताना लक्ष्याच्या खाली जाई आणि तो स्थिरावेपर्यंत दुसरी गोळी झाडता येत नसे. रिकाम्या पुंगळ्याही उजवीकडे किंचित मागे पडण्याऐवजी पुढच्या बाजूला भिरकावल्या जात. हे रायफलला गरजेपेक्षा जास्त गॅस मिळत असल्याचे नेहमीचे लक्षण आहे. म्हणून बॅरलमधला गॅस यंत्रणेकडे वळवणारा मूळ गॅस ब्लॉक काढून स्क्रूने गॅस कमी-जास्त करता येईल असा ब्लॉक बसवला. भारतात सामान्य परवान्यावर अशी अर्धस्वयंचलित रायफल मिळत नाही, आणि अमेरिकेतही तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना मोजके अपवाद सोडले तर बंदूक बाळगण्यास मनाई आहे. त्यामुळे हा अनुभव इथे स्थायिक झालेल्या मराठी नेमबाजांच्याच उपयोगाचा आहे.

एआर-१५ मध्ये गोळी बॅरलमधील छोट्या छिद्रापुढे गेली की तिच्यामागच्या गॅसचा काही अंश त्या छिद्रातून नळीत शिरतो आणि थेट बोल्ट कॅरिअरपर्यंत (पुंगळी काढून नवे काडतूस भरणाऱ्या सरकत्या भागापर्यंत) पोहोचून त्याला मागे ढकलतो. माझ्या बॅरलवर हे छिद्र कार्बाइन मापाचे, म्हणजे सुमारे ७ इंची गॅस व्यवस्थेचे आहे. छिद्र चेंबरच्या (काडतूस बसते त्या जागेच्या) जितके जवळ तितका तेथील दाब जास्त, आणि त्यातच उत्पादक ते सहसा थोडे मोठेच ठेवतात, कारण स्वस्तातले कमजोर काडतूस, थंडी किंवा साचलेली काजळी यांपैकी कशानेही रायफल अडू नये, अशी त्यांची अपेक्षा असते. परिणामी चांगल्या काडतुसावर कॅरिअर नको तितक्या वेगाने मागे जाऊन, त्याला थोपवणाऱ्या बफर नावाच्या वजनासह, बफर ट्यूबच्या टोकावर आदळतो. गोळीचा स्वतःचा धक्का गॅस ब्लॉकने तसूभरही कमी होत नाही. कमी होतो तो हा दुसरा दणका. जाहिरातींत ही गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते.

ब्लॉक जुळवण्याची रीत सोपी, पण सावकाशीची आहे. स्क्रू जवळजवळ बंद करून मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरायचे, गोळी झाडायची आणि बोल्ट मागे अडकून राहतो का, म्हणजे गॅस पुरेसा आहे का, ते पाहायचे. अडकला नाही, तर स्क्रू एक ‘टिक’ उघडून पुन्हा तेच करायचे. माझ्या ब्लॉकमध्ये प्रत्येक टिक बोटांना स्पष्ट जाणवते आणि स्क्रू आपोआप फिरत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. बोल्ट पहिल्यांदा खात्रीने अडकू लागला तेथेच अनेक जण थांबतात, मात्र माझ्या मते ती हद्द आहे, मुक्काम नव्हे. सर्वांत कमजोर काडतुसावर ती हद्द शोधून पुढे आणखी दोन टिक उघडे ठेवल्यावरच मला स्पर्धेत रायफलवर विश्वास टाकता आला.

फरक पहिल्याच दिवशी दिसला. पुंगळ्या उजवीकडे, घड्याळात चारच्या दिशेला, एका चटईएवढ्या जागेत पडू लागल्या आणि ठिपक्याची वर जाण्याची उसळी स्पष्टपणे आखूड झाली. खाली जाण्याची बुडी मात्र तितकी कमी झाली नाही. ती कॅरिअर पुढे येऊन बंद होताना बसणाऱ्या ठोक्याची असते. त्याआधी मी सुमारे ८५ ग्रॅमचा साधा बफर काढून त्याजागी टंगस्टनची दोन वजने असलेला, सुमारे १३० ग्रॅमचा एच-२ बफर बसवला होता. जादा गॅस असताना तो उपकारक होता, कारण त्याने कॅरिअर मागे जाण्याचा वेग आवरला जाई. गॅस कमी केल्यावर तेच वजन पुढे येताना बॅरलचे तोंड खाली दाबू लागले. पुन्हा साधा बफर घातला, गॅस नव्याने जुळवला आणि ठिपका जवळजवळ जागच्या जागी हलून परत येऊ लागला. म्हणून गॅस आधी आणि बफर नंतर, हा क्रम मी आग्रहाने सांगेन. हलका कॅरिअर घेण्याचा मोह मी टाळला, कारण तो धक्का आणखी कमी करत असला, तरी घाण आणि थंडी सोसण्याची रायफलची ताकदही त्याच्याबरोबर घटते.

हिवाळ्याने खरी परीक्षा घेतली. शून्याच्या बऱ्याच खाली गेलेल्या सकाळी दारूचा दाब घटतो आणि तेल घट्ट होते. ऑगस्टमध्ये लोण्यासारखी चालणारी रायफल तेव्हा पुंगळी अर्धवट बाहेर काढून थबकली. स्क्रू एक टिक उघडला आणि पातळ तेल वापरले, त्यानंतर तक्रार राहिली नाही. आता हिवाळ्याची खूण मी ब्लॉकच्या बाजूला पांढऱ्या रंगाने केली आहे. हँडगार्डला (बॅरलभोवतीच्या हाताने धरायच्या आवरणाला) स्क्रूसमोर छिद्र असल्यामुळेच हे मैदानावर करता आले; ज्यांच्या हँडगार्डला तसे छिद्र नाही, त्यांना प्रत्येक वेळी तो उतरवावा लागेल, हे विकत घेण्यापूर्वी तपासावे.

काजळी ही या वस्तूची खरी डोकेदुखी आहे. स्क्रूच्या आट्यांत ती साचून दगडासारखी होते, आणि काही महिने न फिरवलेला स्क्रू मग षट्कोनी पान्याचीच कड झिजवतो. आटे जाम होऊ न देणारे, उष्णता सोसणारे अँटी-सीझ ग्रीस लावणे आणि सफाईच्या वेळी टिक मोजून स्क्रू पूर्ण बंद-उघड करून पुन्हा जागेवर आणणे, एवढ्याने माझे काम भागते.

ज्यांची बॅरल मिड-लेंग्थ गॅसची, म्हणजे छिद्र चेंबरपासून अधिक दूर असलेली, आहे आणि जिच्या पुंगळ्या आधीच तीन ते चारच्या दिशेला पडतात, त्यांना यातून फारसे काही मिळणार नाही. त्यांनी त्याच पैशांत चांगला मझल ब्रेक (बॅरलच्या तोंडाशी बसणारा, धक्का कमी करणारा भाग) घ्यावा. घरात संरक्षणासाठी ठेवलेल्या रायफलवर तर मी हा ब्लॉक बसवणारच नाही, कारण तिथे हाती पडेल ते काडतूस चालले पाहिजे आणि तेव्हा टिक मोजायला सवड नसते.