आफोन्सो कोश्ता की आंतोनियो जुझे द आल्मेदा?

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालची राजेशाही कोसळली आणि हंगामी सरकारात हे दोघे शेजारी बसले. कोश्ता कायद्याचे प्राध्यापक, आल्मेदा डॉक्टर. विद्यार्थिदशेतच राजाविरुद्ध लेख लिहून आल्मेदा तुरुंगात जाऊन आले होते. पुढे साओ तोमे बेटावर त्यांनी दवाखाना चालवला.

कामाचा उरक पाहिला तर कोश्ता कितीतरी पुढे. न्यायमंत्री म्हणून ३ नोव्हेंबर १९१० ला घटस्फोटाचा कायदा आणि एप्रिल १९११ मध्ये चर्चला शासनापासून वेगळं करणारा कायदा. तो घटस्फोट कायदा गोव्यालाही लागू झाला आणि मुक्तीनंतरही तिथे टिकला. तीनदा पंतप्रधान झाले, अंदाजपत्रकात शिल्लक दाखवली. पण शत्रूही तितकेच जोडले. जुलै १९१५ मध्ये लिस्बनच्या ट्राममध्ये शॉर्टसर्किटचा आवाज झाला. बॉम्बच पडला असं समजून कोश्तांनी धावत्या गाडीतून उडी टाकली आणि कवटी फोडून घेतली. या माणसाला किती धास्ती होती, ते या एका उडीत दिसतं.

आल्मेदा वक्ते, मवाळ. १९१६ मध्ये जर्मनीशी युद्ध जुंपल्यावर पंतप्रधान झाले, तेव्हा अर्थखातं कोश्तांकडेच होतं! पुढे १९१९ ते १९२३ राष्ट्राध्यक्ष. सरकारं पत्त्यांच्या बंगल्यासारखी पडत असताना राजेशाहीनंतर आलेल्या पहिल्या प्रजासत्ताकात पूर्ण मुदत काढणारे राष्ट्राध्यक्ष ते एकटेच.

कोश्तांना डिसेंबर १९१७ च्या बंडाने खाली खेचलं. नंतर मुक्काम बहुतेक पॅरिसलाच, मृत्यूही तिथेच, १९३७ मध्ये.

कायदे घडवायला मी कोश्तांना निवडेन. घर सांभाळायला मात्र आल्मेदाच.