फ्रँक लॉइड राइट यांचे ओक पार्कमधील घर : वास्तू आणि तिथे राहिलेली माणसे

शिकागोच्या पश्चिमेला लागून असलेल्या ओक पार्क या उपनगरात, शिकागो ॲव्हेन्यू आणि फॉरेस्ट ॲव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर, अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी स्वतःसाठी बांधलेले घर आणि त्याला जोडलेला स्टुडिओ आहे. वास्तू आतून पाहण्यासाठी मार्गदर्शकाबरोबरच जावे लागते आणि फेरीला साधारण तासभर लागतो. वास्तुकलेचे शिक्षण न घेतलेल्या माणसालाही ही फेरी पूर्णपणे समजते, कारण खोलीची उंची, उजेड आणि वाट बदलली की माणसाचे वागणे कसे बदलते, हे इथे प्रत्यक्ष चालून अनुभवता येते.

राइट यांनी १८८९ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, ज्यांच्याकडे ते नोकरी करत त्या वास्तुविशारद लुई सलिव्हन यांच्याकडून ५,००० डॉलर कर्ज घेऊन हे घर बांधले. त्याच वर्षी कॅथरीन टोबिन यांच्याशी त्यांचे लग्न झाले होते. रस्त्यावरून पाहिले तर लाकडी कौलांनी मढवलेला एक मोठा त्रिकोण तेवढा नजरेत भरतो. आत शिरल्यावर मात्र एका खोलीतून दुसरी खोली सहज दिसते, दारांची अडवणूक नाही, आणि घराच्या मधोमध शेकोटीसाठी केलेला बाकांचा छोटासा आडोसा आहे. पुढे राइट यांनी बांधलेल्या अनेक घरांत शेकोटीला जे मध्यवर्ती स्थान मिळाले, त्याची सुरुवात इथे दिसते.

संसार वाढला तशी ही वास्तूही वाढत गेली. राइट दांपत्याला सहा मुले झाली. आधी वरच्या मजल्यावरची राइट यांची कामाची खोली मुलांना झोपायला देण्यात आली आणि मुलगे व मुली यांच्यामध्ये छतापर्यंत न पोचणारी आडभिंत घालण्यात आली. १८९५ मध्ये जुन्या स्वयंपाकघराच्या जागी जेवणाची खोली तयार झाली. तिथल्या उंच पाठीच्या खुर्च्या टेबलाभोवती जणू आणखी एक खोली उभी करतात आणि विजेचा दिवा छतातल्या लाकडी जाळीमागे दडवलेला असल्याने उजेड थेट डोळ्यांवर न येता टेबलावर झिरपतो.

याच वर्षी बांधलेल्या मुलांच्या खेळघरासाठी मी कितीही दूरवरून पुन्हा इथे यायला तयार आहे. तिथे जाणारा बोळ मुद्दाम अरुंद, ठेंगणा आणि अंधारा ठेवला आहे; मोठ्या माणसाला अंग चोरूनच चालावे लागते. बोळ संपतो आणि डोक्यावर एकदम अर्धगोल कमानीचे उंच छत उघडते, माथ्यावरून उजेड उतरतो, आणि शेकोटीच्या वर मच्छीमार व जिन्न यांच्या अरबी कथेवरचे भित्तिचित्र समोर येते. खिडक्या मुलांच्या उंचीला बसतील इतक्या खाली आहेत. पियानोचा मोठा भाग भिंतीतून आरपार नेऊन मागच्या जिन्यावर लोखंडी पट्टीने टांगला आहे, त्यामुळे खोलीत फक्त वाजवायच्या पट्ट्यांची बाजू राहते आणि खेळायची जागा अडत नाही. कॅथरीन यांनी इथे शेजारपाजारच्या मुलांसाठी बालवर्गही चालवला. या खोलीत मुलांना तिथली खरी मालकी दिली आहे.

१८९८ मध्ये जोडलेल्या स्टुडिओकडे जाण्याच्या वाटेत विलोचे झाड होते; ते न तोडता त्याच्याभोवती बोळ बांधण्यात आला. नकाशे काढण्याचे दालन दुमजली उंचीचे आहे आणि वरचा अष्टकोनी सज्जा खालून खांबांवर उभा नसून साखळ्यांनी वर टांगलेला आहे, त्यामुळे खालचा मजला मोकळा राहतो. ओक पार्कमधले युनिटी टेंपल हे प्रार्थनामंदिर आणि शिकागोतले रोबी हाऊस हे घर, राइट यांच्या या दोन गाजलेल्या वास्तूंचे आराखडे याच छताखाली तयार झाले.

मात्र ते एकट्याचे काम नव्हते. अमेरिकेत परवाना मिळवणाऱ्या पहिल्या काही स्त्री वास्तुविशारदांपैकी मॅरियन महोनी इथे काम करत, आणि राइट यांची कीर्ती युरोपात पोचवणाऱ्या चित्रांपैकी अनेक त्यांच्या हातची होती. इथलेच त्यांचे सहकारी वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांच्याशी त्यांनी पुढे लग्न केले. १९१२ मध्ये ग्रिफिन यांचा आराखडा ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा हिच्यासाठी निवडला गेला, तोही महोनी यांच्या चित्रांसह. ग्रिफिन १९३५ मध्ये लखनौला आले, तिथे त्यांनी अनेक वास्तूंचे आराखडे केले आणि १९३७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. भारतातून येणाऱ्या पाहुण्याने या दालनात थोडा अधिक वेळ थांबावे, असे मला मनापासून वाटते.

१९०९ मध्ये राइट संसार सोडून युरोपला गेले. परतल्यावर १९११ मध्ये त्यांनी स्टुडिओचे रूपांतर कॅथरीन आणि मुलांच्या राहण्याच्या जागेत केले आणि मूळ घर भाड्याने देण्यासाठी वेगळे काढले. नंतर ही वास्तू विकली गेली आणि तिचे अनेक बिऱ्हाडांत तुकडे पडले. १९७४ मध्ये ती वाचवण्याची चळवळ उभी राहिली आणि १९८७ पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत वास्तू १९०९ च्या रूपात परत आणली गेली. वास्तुकलेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे, कारण स्टुडिओचा सर्वांत सकस काळ त्यामुळे डोळ्यांसमोर उभा राहतो. पण त्याची किंमत अशी की एकटीने मुले वाढवणाऱ्या कॅथरीन यांची पुढची वर्षे आणि भाडेकऱ्यांचे दशकानुदशकांचे जगणे भिंतींवरून पुसले गेले. निदान एका खोलीत छायाचित्रांच्या रूपाने तो काळ मांडला, तर घराचा इतिहास पुरा होईल.

तिकीट आधी काढून ठेवावे. वरच्या मजल्यावर जिन्यानेच जावे लागते, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी चौकशी करावी. शिकागोतून ग्रीन लाइन या शहरी रेल्वेने ओक पार्क स्थानकावर उतरून चालत येता येते. युनिटी टेंपलही चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि २०१९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ज्या टेबलांवर त्याचे नकाशे निघाले ते दालन आधी पाहून मग तिकडे जावे.