क्लॉक_गेटटाइम : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लिनक्सवर चालणाऱ्या, सी भाषेत लिहिलेल्या माझ्या प्रोग्रॅमला नेमका किती वेळ लागतो हे मोजण्यासाठी गेले आठ महिने मी क्लॉक_गेटटाइम हे फंक्शन वापरत आहे. त्याआधी क्लॉक() वापरत असे. छायाचित्रांवरील प्रक्रियेचे काम चार थ्रेडमध्ये (एकाच प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांमध्ये) वाटल्यावर प्रोग्रॅम डोळ्यांदेखत लवकर संपू लागला, पण क्लॉक()चा आकडा जवळपास होता तेवढाच राहिला. कारण क्लॉक() सर्व थ्रेडनी खर्च केलेल्या सीपीयू-वेळेची (प्रोसेसर प्रत्यक्ष कामात असलेल्या वेळेची) बेरीज देते आणि डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ धरतच नाही. मग यंत्राच्या घड्याळातली वेळ सांगणारे गेटटाइमऑफडे हे फंक्शन वापरून पाहिले, तर रात्रभर चाललेल्या चाचणीत एका फेरीचा वेळ चक्क ऋण आला, कारण मध्येच यंत्राचे घड्याळ मागे सरकवले गेले होते.

क्लॉक_गेटटाइमला कोणते घड्याळ वाचायचे ते सांगता येते; त्यांपैकी क्लॉक_मोनोटोनिक हे घड्याळ मागे जात नाही, आणि एवढ्या एका गुणासाठीही मी ते सुचवीन. मात्र वेळ सेकंद आणि नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) अशा दोन वेगळ्या आकड्यांत मिळत असल्याने वजाबाकी जपून करावी लागते. सुरुवात 5 सेकंद 900000000 नॅनोसेकंदांना आणि शेवट 6 सेकंद 100000000 नॅनोसेकंदांना झाला, तर नॅनोसेकंदांची वजाबाकी ऋण येते. तिथे शाळेतल्यासारखा एक सेकंद हातचा घेतला की 0.2 सेकंद हे खरे उत्तर मिळते.

या फंक्शनची बारकाई नॅनोसेकंदाची असली, तरी ते बोलावण्यातच दहा-वीस नॅनोसेकंद जातात. म्हणून छोटे काम एकदा न मोजता हजारो वेळा करून एकूण वेळेला फेऱ्यांच्या संख्येने भागणे योग्य ठरते. इथेच माझे दोन दिवस वाया गेले: ओ-टू पातळीवर (कंपायलरला कोड अधिक वेगवान करायला सांगणाऱ्या पर्यायाने) कंपाइल केल्यावर वेळ जवळजवळ शून्य दिसू लागला, आणि मी खूश झालो होतो. प्रत्यक्षात उत्तर कुठेच वापरलेले नसल्यामुळे कंपायलरने सगळा लूपच काढून टाकला होता. उत्तर व्होलाटाइल चलात (ज्यात साठवणे कंपायलर गाळू शकत नाही अशा चलात) साठवल्यावर खरा आकडा समोर आला.

लॅपटॉपवर प्रोसेसरचा वेग सतत बदलत असल्याने गव्हर्नर (हा वेग ठरवणारी लिनक्सची सोय) परफॉर्मन्सवर ठेवतो आणि टास्कसेट या आज्ञेने प्रोग्रॅम प्रोसेसरच्या एकाच कोअरला बांधतो. कॅशे (प्रोसेसरजवळची वेगवान स्मृती) थंड, म्हणजे लागणारी माहिती त्यात अजून आलेली नसताना, झालेली पहिली फेरी सोडून देतो. उरलेल्या तीस फेऱ्यांची सरासरी न काढता सर्वांत कमी वेळ आणि मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) दोन्ही नोंदवतो. इतर प्रोसेसांचा अडथळा वेळ वाढवतोच, त्यामुळे सरासरीपेक्षा या दोन आकड्यांवर माझा अधिक विश्वास आहे.